मच्छीमार घरी, आपण दारोदारी

"समुद्र काय म्हणते, भाऊ?"

सकाळी दवाखान्यात पाऊल टाकलं की सिस्टरचा पहिला प्रश्न हा. चष्मा कपाळावर चढवलेला, मोबाइल हात लांब करून धरलेला आणि डोळे बारीक करून बंगालच्या उपसागराचं हवामानाचं पत्रक वाचणं चाललेलं. तुम्हाला वाटेल, किनाऱ्यावरचं एखादं गाव असेल. तर नाही. हे भामरागड. चहूकडे जंगल, अंगाशी तीन नद्या, आणि समुद्र इतका लांब की निवृत्तीला टेकल्या तरी सिस्टरनी तो पाहिलेला नव्हता.

मी कोरपन्याचा. औषधांच्या खिडकीमागे बसायला बदली होऊन इथे आलो, तेव्हा हवामान म्हणजे कापूस भिजतो की वाचतो एवढंच मला ठाऊक. मच्छीमारांसाठी निघणारं पत्रक ही नर्सबाई रोज वाचते हे पाहून मला हसू आलं. डॉक्टर तर तोंडावरच विचारायचे, "सिस्टर, तुमची नाव कुठी बांधली?"

"पर्लकोटा नदीच्या काठाले," सिस्टर मान वर न करता सांगायच्या. "येता का बसाले?"

पत्रक लांबलचक असे. सिस्टर त्यातून बाजारात भाजी निवडावी तसं निवडायच्या. अरबी समुद्र आला की म्हणायच्या, "हा मुंबईवाल्याइचा, सोडा." श्रीलंका आणि अंदमान यांना त्या मान देऊन पुढे सरकायच्या. आंध्र-ओडिशाचा किनारा आला की मात्र बोट थांबायचं. 'मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये, गेलेल्यांनी परत यावं' हे वाक्य दिसलं की चष्मा कपाळावरून नाकावर यायचा आणि सिस्टर उठायच्या.

"मच्छीमार घरी, तं आपण दारोदारी," असं म्हणून त्या भिंतीवरची यादी काढून घ्यायच्या.

यादी दिवस भरत आलेल्या बायकांची. पावसाळ्यात नाले भरले की पलीकडची गावं आठ-आठ दिवस तुटतात. म्हणून अशा बायकांना आधीच आणून दवाखान्याशेजारच्या माहेरघरात ठेवायचं, ही इथली पद्धत. अडचण एवढीच की भाताच्या रोवण्याच्या दिवसांत कोणती सून शेत सोडून येईल? आणि महिनाभर घरची माणसं तिला कशी सोडतील? म्हणून नेमकं कधी आणायचं हे कळायला हवं. ते सिस्टरना समुद्र सांगायचा. तिकडे वादळ उठलं की ते किनारा ओलांडून बस्तरवर येतं, तिथे कोसळतं, आणि ते पाणी इंद्रावती नदीने आमच्या दारात येतं. आमच्याकडे त्या दिवशी ढगही नसतो. लख्ख उन्हात पूर येतो इथे.

हे त्यांना कुठल्या पुस्तकाने शिकवलं नव्हतं. आठवडी बाजारात आंध्रच्या किनाऱ्यावरची सुकी मासळी घेऊन येणारे एक चाचा होते, त्यांनी शिकवलं. एकदा चाचांची टोपली रिकामी होती. "माल नाई आला बाई, तिकडं नावा बंद आहेत." तिसऱ्या दिवशी पूर. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी सिस्टर टोपलीत डोकावून मासळी न घेताच माघारी वळल्या आणि यादी घेऊन निघाल्या. पुढे मोबाइल आला, पत्रक आलं. चाचा थकून घरी बसले, तरी बाजारात त्यांची जागा रिकामी दिसली की सिस्टरचा पाय तिथे अडखळायचा.

आता माझी गोष्ट सांगतो. ती सांगायला आजही जिवावर येतं.

वर्षावास सुरू होतो त्या पौर्णिमेला सिस्टर गोंडपिपरीला, माहेरी, विहारात जायच्या. वर्षातून एवढीच हक्काची सुट्टी. त्या वर्षी इशारा आलेला होता. यादीतल्या सगळ्या बायका आणून झाल्या होत्या, एकच राहिली होती. दोन नाल्यांपलीकडच्या टोल्यावरची, चार घरांच्या वस्तीतली, पहिलटकरीण. सासरा म्हणत होता, एक दिवसाचा रोवणा उरला आहे. "उद्या सकाळी घेऊन या, आन् पत्रक पाहत राहा," असं मला बजावून सिस्टर बसमध्ये बसल्या.

सकाळी पत्रक उघडलं. इशारा मागे घेतला होता. समुद्र शांत, मच्छीमारांना जायला हरकत नाही. मला आनंद झाला. गाडी पाठवण्याआधी त्या टोल्यावरच्या आशाताईंना फोन केला, "घाई नाही, धोका टळला. रोवणा होऊ द्या, उद्या आणा." मनातल्या मनात मी स्वतःची पाठही थोपटली.

दहाच्या सुमाराला फोन आला. "समुद्र काय म्हणते, भाऊ?"

"शांत झाला, सिस्टर. इशारा काढला. त्या पोरीला मी उद्यावर ठेवलं."

पलीकडे विहारातली वंदना ऐकू येत होती.

"वादळ जमिनीवर चढलं म्हणून समुद्र शांत झाला, भाऊ. त्याचं संपलं म्हणजे आपलं सुरू झालं. तुम्ही स्वतः जा. आत्ता. मी निघून राह्यली."

आम्ही गेलो. आकाश निळं, ऊन चटकणारं. ड्रायव्हर म्हणाला, "सर, सिस्टर भेव घेऊन राह्यली उगीच." पहिल्या नाल्यावर मात्र त्यानेच गाडी थांबवली. नाल्यातला पालापाचोळा उलटा, उगमाकडे चालला होता. नदीचं पाणी आत शिरत होतं. गाडी तिथेच ठेवून आम्ही गुडघाभर पाण्यातून पलीकडे गेलो. पोरगी शेतात होती, पोटऱ्यांपर्यंत चिखल. सासऱ्याने एकदा आभाळाकडे पाहिलं, एकदा माझ्या ओल्या पँटकडे, आणि काही न विचारता खाट उलटी करून दोर बांधायला घेतले. परत येताना पाणी कमरेच्या वर होतं. सासरा, ड्रायव्हर आणि टोल्यावरचे दोन गडी अशा चौघांनी खाट खांद्यावर धरली होती आणि पाचवा मी, पायाखालची जमीन चाचपत पुढे.

माहेरघराच्या दारात सिस्टर उभ्या होत्या. त्यांची बस पर्लकोटाच्या पुलावरून गेलेली शेवटची. दुसऱ्या दिवशी ती पोरगी बाळंत झाली. मुलगी झाली. रक्त फार गेलं, डॉक्टर आणि सिस्टर दुपारपर्यंत तिच्या खाटेपासून हलले नाहीत. घरी असती तर वाचली नसती, हे कोणी मला सांगितलं नाही. मला दिसत होतं.

संध्याकाळी मी माफी मागायला गेलो. सिस्टर लेकराला दुपट्यात गुंडाळत होत्या.

"ही चूक माह्यी पण झाली होती," त्या म्हणाल्या. "पत्रक नवीन होतं, मीही 'शांत' वाचून बिनघोर झाली. माह्या वेळची बाई जिती घरी नाई गेली, भाऊ. तुमची जाईन."

मग लेकरू माझ्या हातात दिलं. दुसऱ्या सकाळी नेहमीचा प्रश्न आला, पण मोबाइलही माझ्यापुढे सरकला. "तुम्ही वाचा. आजपासून तुम्हीच." चुकलेल्या माणसाच्या हाती असं काम देणारी माणसं मी फार पाहिली नाहीत. तुम्ही पाहिली असतील तर त्यांना जपा.

सिस्टर निवृत्त झाल्या. लेक विशाखापट्टणमला असते, तिने त्यांना यंदा पहिल्यांदा समुद्र दाखवायला नेलं. परवा सकाळी त्यांचा फोन आला. त्या दिवशीचं पत्रक अजून यायचं होतं, आणि आमच्याकडे लख्ख ऊन पडलं होतं.

"कसा आहे समुद्र, सिस्टर?" यावेळी मीच विचारलं.

"मोठा आहे," त्या म्हणाल्या. मागे कसला तरी सतत घरघर आवाज येत होता. "भाऊ, इथी लोक नावा वर ओढून राह्यले. मी डोळ्यानं पाहून राह्यली. यादीत कोण आहे?"

मी भिंतीवरची तीन नावं वाचून दाखवली.

"मंग फोन काऊन धरून बसले? निघा."

मी यादी काढली. ड्रायव्हर सावलीला गाडी पुसत होता. "कुठी सर, एवढ्या उन्हात?"

"मच्छीमार घरी गेले," मी म्हणालो.

त्याने फडकं खिशात कोंबलं आणि गाडी सुरू केली.