चिठ्ठीतली मोकळी जागा

उल्हासनगरला कॅम्प तीनमधल्या एका जीन्सच्या कारखान्यात मी गठ्ठ्यांना चिठ्ठ्या बांधायचे. चिठ्ठीवर लॉट, रंग, धुलाई सगळं एकाला एक चिकटवून लिहायचं, ही तिथली रीत. मध्ये जागा सोडली की कोणीतरी आकडा घुसवतो. मी एकदा जागा सोडली. आकडा घुसला, माल कमी भरला, चोर मी ठरले. घरी बसले.

पुढे मुलगी कॉम्प्युटर शिकून जवळच्याच दुसऱ्या कारखान्यात लागली. तिला मी एकच गोष्ट शिकवली, चिकटवून लिही.

शेठने तिच्याकडून मालाचं वेबपेज करून घेतलं. तिने टेबल बनवलं. पहिल्या कॉलममध्ये मालाचा नंबर, मग रंग, कापड, शेवटी साईज. शेठने उघडलं तर साईजचा कॉलम पडद्याबाहेर.

"बेटी, साइज किधर भाग गया? सोमवार तक ठीक कर, नहीं तो दूसरी लडकी देखता हूं."

रविवारी कारखाना बंद असतो. तिथे एकटी नको म्हणून कात्रपच्या घरून मीही बरोबर गेले. ती आकडे बदलत बसली.

"आई, रुंदी शंभर दिली, पन्नास दिली, तरी पहिला कॉलम ऐकतच नाही."

"तुझ्यावर गेलाय."

"टोमणे नकोत गं. नोकरी जाईल माझी."

मी पडद्याला डोळे लावले. बाकीच्या कॉलममध्ये शब्द न मावला तर खालच्या ओळीत उतरत होता. पहिल्यातला नंबर मात्र लॉट, धुलाई सगळं चिकटवलेला, एका दमात लांबलचक. त्याला तुटायला जागाच नव्हती. कॉलम अरुंद होणार कसा?

"असं कोणी लिहायला सांगितलं तुला?"

"तूच."

काय करायचं ते कळलं होतं, पण तोंडातून निघेना. शेवटी म्हणाले, "सोड जागा."

तिने सोडली. नंबर दोन ओळींत बसला, कॉलम शंभरावर आला, साईज पडद्यात आली. ती हसली. मला हसू आलं नाही.

सोमवारी शेठने पान बघून मान हलवली. नोकरी राहिली. पण तेव्हापासून ती गठ्ठ्यांच्या चिठ्ठ्याही जागा सोडून लिहायला लागली.

"कोणी आकडा घुसवला तर?"

"आई, तुझा जमाना गेला."

"माणसं बदलली का?"

तिने डबा उचलला आणि कामाला गेली.