गप शाळा

कापसाला सोन्याचा भाव आला, तसं अकोल्याच्या डोमाजी दलालानं आपल्या सहा वर्षांच्या पोराला, नथूला, शिकवायचं मनावर घेतलं. अमरावतीत त्यानं पंतोजींच्या दोन शाळा पाहिल्या. एकीत पोरं बेंबीच्या देठापासून पाढे ओरडत होती. दुसरीत ती कापसाच्या गठ्ठ्यांसारखी ओळीनं गप बसलेली. डोमाजीला सैल गठ्ठा कधीच पटत नसे.

"इथंच ठेवतो याले," तो म्हणाला.

दिवाळीला नथू घरी आला. करंजी द्यायला मनकर्णेनं लेकाला हाक मारली. तो आला, डोळे मिटले आणि दोन्ही तळहात पुढे करून छडीची वाट पाहत उभा राहिला.

तिनं करंजी हातावर ठेवली. सुजलेली बोटं मिटेनात.