कमरेला कुत्रं बांधून

लग्न होऊन मी निरवांगीजवळच्या वस्तीवर आले, तेव्हा सासरची मेंढरं विकून दोन वर्षं झाली होती. मेंढरं बसायची त्या जागी आता ऊस उभा होता. माझे सासरे, म्हणजे आबा, स्वतःला बागायतदार म्हणवून घेत होते. नवरा भवानीनगरच्या बाजूला एका हायस्कुलात मराठी शिकवत होता. गावात त्यांना सगळे सर म्हणत, म्हणून मीही सरच म्हणत असे. घरातल्या या बदलाची सगळ्यांना सवय झाली होती. फक्त कुत्र्याला कुणी काही कळवलं नव्हतं.

उंच, लांब पायांचं, राखी रंगाचं कुत्रं होतं ते. जन्म मेंढरांमागं गेलेला. काम गेलं तरी कामाची सवय जात नव्हती. सकाळी उठल्या उठल्या ते वस्तीवरच्या कोंबड्या गोळा करून चुलीपाशी आणून सोडायचं. हळदीकुंकवाला आलेल्या बायका घरी निघाल्या की त्यांना वळवून परत ओट्यावर आणायचं, आणि सासूबाईंना दुसऱ्यांदा चहा टाकावा लागायचा. सोसायटीच्या निवडणुकीत तर एकदा दोन्ही पार्ट्यांची माणसं एकाच वेळी प्रचाराला आली आणि त्यानं त्यांना घेरून एकाच लिंबाखाली बसवलं. तालुक्यात हे काम आधी कुणाला जमलं नव्हतं.

त्याला नाव नव्हतं. 'ये' आणि 'हाड' या दोन शब्दांत त्याचं भागायचं.

मी बारामतीची. वडील एसटीच्या डेपोत मेकॅनिक. शाळा-कॉलेजात मी खो-खो खेळले आणि एरवीही पळतच असायची. कोथिंबीर आणायला पाठवलं तरी जाता-येता पळत. लग्नानंतर पळणं थांबलं. कुणी मनाई केली असं नाही, विषयच निघत नव्हता. सुनेनं पळायचे प्रसंग ठरलेले होते: दूध उतू जाताना, म्हैस सुटल्यावर, आणि दारात पाहुणे आले की, तेही आतल्या बाजूला.

धाकटे दीर पुण्यात एका कारखान्यात पट्टे शिवायचे. आधी शाळेच्या दप्तरांचे. मग देश खुला झाला, परदेशी गिऱ्हाईक आलं आणि तो कारखाना कुत्र्यांचे पट्टे शिवायला लागला. एका सुट्टीत भावजी एसटीतून उतरले ते भलीमोठी पिशवी घेऊन. त्यांनी सगळा माल ओट्यावर मांडला. एक कुत्र्याच्या छातीला घालायचा पट्टा, एक माणसाच्या कमरेला बांधायचा पट्टा, आणि दोन्हींच्या मधे रबरासारखी ताणली जाणारी दोरी.

"तिकडं कुत्रं पुढं ओढतं आणि माणूस मागं पळतो," भावजी म्हणाले. "शर्यती असतात त्याच्या."

आबांनी दोरी ताणून बघितली. "कशापायी? त्यांच्याकडं एसटी न्हाय का?"

"खेळ हाय ओ आबा त्यो."

"मानसानं कुत्र्याच्या मागं पळायचं, ह्यो खेळ?"

"व्हय."

"आनि ह्ये लोक विमानं करत्यात म्हन," आबा म्हणाले आणि तंबाखू मळू लागले.

गिऱ्हाइकाला खात्री हवी होती की पट्टा उन्हात, धुळीत, चिखलात टिकतो. म्हणून कारखान्यानं भावजींना सांगितलं होतं: तुमच्याकडं कुत्रं आहे, दोन महिने रोज तीन मैल पळवा आणि सोबतचे कागद भरा. कागद इंग्रजीत होते. इंग्रजी वाचणारे घरात सरच. तेव्हा परीक्षक म्हणून सरांचं नाव घातलं गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर शाळेच्या पीटीची पांढरी पँट घालून, गळ्यात शिट्टी अडकवून कॅनॉलच्या रस्त्यावर उभे राहिले. त्यांनी कमरेला पट्टा बांधला, शिट्टी वाजवली. कुत्र्यानं ढुंकून पाहिलं नाही. तेवढ्यात पलीकडून कुणाच्या तरी चार शेळ्या निघाल्या. पुढचं आम्ही लांबून पाहिलं. सर आधी पळत होते, मग उड्या मारत होते, मग नुसतेच जात होते. घाबरले की त्यांची भाषा शुद्ध होते. "थांब! अरे, थांबावे! कृपया थांबावे!" असं ओरडत ते पाटाच्या कडेच्या चिखलात बसले. कुत्र्यानं चारी शेळ्या गोळा करून त्यांच्या पुढ्यात आणून उभ्या केल्या.

त्या दिवशीच्या कागदावर सरांनी लिहिलं, 'श्वानाच्या ठायी शिस्तीचा अभाव आढळला.' मग त्याचं इंग्रजी केलं आणि कोपरांना हळद लावून घेतली.

दुसऱ्या दिवशी सरांना आठवलं की सहामाहीचे पेपर तपासायचे राहिलेत. भावजींचं तोंड एवढंसं झालं. मी भाकरी थापता थापता म्हणाले, "मी रोज कॅनॉलच्या कडेनं रानात जेवण घेऊन जातेच. तिथून पुढं कुत्र्याला बांधून फिरवून आणीन."

"बाईमानसानं कुत्र्यामागं पळायचं?" सासूबाई म्हणाल्या. मी त्यांना आत्याबाई म्हणायची.

"पळत नाही आत्याबाई. चालेन."

चालणं म्हटल्यावर सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

पहिल्या दिवशी रानात जेवण पोचवलं, मोकळी पाटी बांधावर ठेवली, पदर खोचला आणि पट्टा कमरेला बांधला. बाभळीच्या वळणापर्यंत मी खरंच चालले. वळणापलीकडं वस्ती दिसत नाही. तिथं कुत्र्यानं एकदा मागं वळून माझ्याकडं पाहिलं आणि दोरी ताणली. मी पाय उचलले. पहिली काही पावलं साडीत अडखळले, मग दम लागला, मग श्वास लयीत बसला, आणि मग कॅनॉलचं पाणी एका बाजूनं आणि ऊस दुसऱ्या बाजूनं मागं जायला लागला. पुलापाशी थांबले तेव्हा मी हसत होते. एकटीच, मोठ्यानं. कुत्रं जीभ काढून उभं होतं. मेंढरं गेल्यापासून पहिल्यांदाच त्याला काहीतरी काम मिळालं होतं, आणि मलाही.

अर्थात लोकांनी पाहिलंच. पण त्यांना वेगळंच दिसलं. "अगं बया, सूनबाईला कुत्र्यानं वडत न्हेलं!" अशी बातमी वस्तीवर माझ्या आधी पोचायची. बायका पाणी घेऊन धावत यायच्या. पाय चेपून द्यायला तयार व्हायच्या. मी हळूहळू दमल्याचा चेहरा करायला शिकले. मी पळाले असते तर चार दिवस चर्चा झाली असती. मला ओढून नेलं जात होतं, त्यामुळं सगळ्यांची सहानुभूती होती.

एक दिवस आबा पुलावर बसलेले दिसले. मी वेग कमी करायच्या आत त्यांच्यासमोर पोचलेही.

"दोरी ढिली हाय," आबा म्हणाले.

मी खाली दोरीकडं पाहिलं.

"कुत्रं वडत न्हाय. तूच पळतीस." ते उठले, धोतर झटकलं. "डावा पाय जरा बाहीर पडतुया. बगून टाक." आणि घराकडं निघून गेले. घरी त्यांनी अवाक्षर काढलं नाही.

संध्याकाळी मी सरांना सगळं सांगायची आणि ते लिहून घ्यायचे. बकल घामानं घसरतं, मी सांगायची. 'परीक्षकाच्या निदर्शनास आले की,' सर लिहायचे. मी तीन मैल पळाले की कागदावर परीक्षकानं धाव घेतलेली असायची. मधल्या काळात कारखान्यानं कुत्र्याचा रेनकोट आणि चार बूटही पाठवले. बूट घातल्यावर कुत्रं नव्या नवरीसारखं एकेक पाय उचलून चाललं, मग एक बूट काढून त्यानं उसात पुरला. सरांनी लिहिलं, 'पादत्राणे श्वानास पसंत पडली नाहीत.' खाली सही सरांचीच. खरं सांगायचं तर तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. वाटायला हवं होतं.

दोन महिने संपले आणि भावजींचा एसटीडीवरून निरोप आला. कागद परदेशात फार आवडले होते. गिऱ्हाईक पुण्याला येणार होतं आणि परीक्षकाला पळताना पाहायला थेट वस्तीवर येणार होतं.

सर दोन दिवस जेवले नाहीत. वस्तीवर मात्र उत्साह होता. तात्या म्हणून एक म्हातारे शेजारी होते. माइक दिसला की त्यांना भाषण सुचायचं. त्यांनी मंडप घातला, शाल-श्रीफळ आणलं, पाहुण्यासाठी फेटा आणला आणि कापडी फलक रंगवून घेतला, 'श्वान-क्रीडेच्या साहेबांचे हार्दिक स्वागत.' कुत्र्याला हार घातला. त्यानं तो खाल्ला.

गाडीतून साहेब उतरलेच नाहीत. उतरल्या त्या साठीच्या, पांढऱ्या केसांच्या, पँट घातलेल्या एक बाई. तात्यांची पंचाईत झाली. फेटा बांधायचा की ओटी भरायची? बरीच कुजबुज झाली आणि शेवटी दोन्ही केलं. बाई फेटा बांधून, मांडीवर खण-नारळ घेऊन खुर्चीत बसल्या. तात्या शेतीपासून सुरू झाले ते जागतिक बाजारपेठेपर्यंत बोलले.

मग सर उठले. पट्टा बांधला. शिट्टी वाजवली. कुत्रं खाली बसलं.

"चल," सर हळूच म्हणाले. "चल रे." मग चेहरा पडला आणि भाषा शुद्ध झाली. "चलावे."

लोक हसायला लागले, हसता हसता इकडंतिकडं पांगले, आणि पांगलेला कळप पाहून कुत्रं ताडकन उठलं. त्यानं सगळ्या गर्दीला बाहेरून एक फेरी मारली. सरही फेरीत होते. दुसऱ्या फेरीत दोरी मंडपाच्या खांबाला गुंडाळली आणि अर्धा मंडप तात्यांच्या अंगावर आला. कापडाच्या आतूनही तात्या माइकवर बोलतच होते. माणसं एका जागी दाटीनं गोळा झाली. पाहुण्या बाईंनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

टाळ्या संपल्यावर त्यांनी भावजींना काहीतरी विचारलं. भावजींनी मान खाली घालून आम्हाला सांगितलं, "त्या म्हणतात, हे छान झालं. पण कागदावर आहे तो पळणारा माणूस कुठाय?"

सर खांबाला बांधल्यासारखे उभे होते, आणि खरोखर बांधलेलेच होते.

"सूनबाई," आबा म्हणाले, "बांद पट्टा."

"आवो, लोकं बगत्यात," आत्याबाई म्हणाल्या.

"त्यासाटीच जमल्यात."

मी सरांच्या कमरेचा पट्टा सोडून माझ्या कमरेला बांधायला घेतला. बकल दोनदा चुकलं. मग कुत्र्यानं मागं वळून पाहिलं आणि आम्ही निघालो. पुलापर्यंत आणि परत. त्या दिवशी बाभळीच्या वळणापर्यंत चालायचं नाटक केलं नाही. परत आले तेव्हा कुणी पाणी घेऊन धावलं नाही. बायका नुसत्या बघत होत्या. एकीनं तोंडाला पदर लावला होता, पण डोळे हसत होते.

बाईंनी मला शेजारी बसवलं आणि विचारलं, पट्ट्यात काय चुकलंय? मी बोलायला लागले ते थांबलेच नाही. पट्टा वर सरकतो, मांड्यांखालून पट्टी घ्या. कुत्रं ओढत असताना बकल एका हातानं सुटत नाही, पाण्यात कुत्रं पडलं तर माणूसही जाईल. दोरी टाचेला लागते. सर इंग्रजी करून सांगत होते. सुरुवातीला 'परीक्षकाचे म्हणणे' असंच काहीसं सांगत असावेत. बाईंनी त्यांच्याकडं नुसतं पाहिलं. मग माझ्या कानावर ओळखीचे दोन शब्द आले, 'माय वाइफ.' त्यापुढचं प्रत्येक वाक्य तिथूनच सुरू झालं.

काही महिन्यांनी नवा पट्टा आला. मांड्यांखालून पट्ट्या होत्या. बकल एका ओढीत सुटत होतं. सोबत जाड कागदावर आभाराचं पत्र होतं, सरांच्या नावानं. खाली एका ओळीत 'आणि आपल्या पत्नीस' असं होतं. सरांनी पत्र शिक्षकांच्या खोलीत फिरवून आणलं आणि फ्रेम करून टीव्हीच्या वर लावलं. सांगताना मात्र ते आता सांगायचे, "पळायची ही. माझं आपलं लेखन." लेखनाचा अभिमान काही सुटला नाही.

नंतर एका दुपारी आबा बारामतीला मार्केट यार्डात गेले होते. मी निघायच्या तयारीत होते. आत्याबाई बाहेर आल्या, इकडंतिकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "आन त्यो पट्टा हिकडं."

लुगड्यावरून मी त्यांना पट्टा बांधला. कुत्र्यानं झटका दिला. आत्याबाईंनी टाळूला जीभ लावून एक आवाज काढला. कुत्रं जागच्या जागी थांबलं. दुसरा आवाज काढला, ते डावीकडं वळलं. तिसऱ्याला ते त्यांच्या पायाशी येऊन उभं राहिलं. इतक्या दिवसांत आमचं कुणाचं ऐकलं नव्हतं ते.

"हे आबांनी शिकवलं?" मी विचारलं.

"त्यास्नी?" आत्याबाई म्हणाल्या. "ते मेंढरामागं जायचे. कुत्र्याची पिल्लं तळावर वाढायची, माज्यापाशी. शिकवून सवरून मी द्यायची, ते न्यायचे. लोकं म्हनायची, ह्यांच्यावानी कुत्री तालुक्यात कुनाची न्हाईत."

त्यांनी पुन्हा एक आवाज काढला. दोरी ताणली गेली आणि आत्याबाई कॅनॉलच्या कडेनं चालायला लागल्या. पळत नव्हत्या त्या, चालतच होत्या. पण त्यांच्यासोबत राहायचं तर मला पळावं लागत होतं.