दहा मिनिटं पुढे

“तेच म्हणतंय हो परत. ऑथेंटिकेशन फेल्ड.”

नलिनीअक्का फोनवर शांतपणे सांगत होत्या. सकाळचे नऊ वाजून पाच मिनिटं झाली होती आणि त्यांची शिफ्ट नऊला सुरू व्हायची. त्या महिन्यातला हा त्यांचा तिसरा फोन. तिन्ही मीच उचलले होते.

मी बेळ्ळंदूरच्या एका कंपनीत आयटी सपोर्टला आहे. कुणाचं मशीन रुसलं की फोन आमच्याकडे येतो. मूळचा मी सांगलीचा, बंगळुरात येऊन आठ वर्षं झाली. अक्का विम्याची कागदपत्रं तपासणाऱ्या विभागात होत्या, एकवीस वर्षं एकाच कंपनीत. त्याही मराठी, पण त्यांचं घराणं पिढ्यानपिढ्या इथलंच. मी मराठी आहे हे कळल्यापासून त्या डेस्कला फोन करून “त्या सांगलीच्या तम्माला द्या” म्हणायच्या. तम्मा म्हणजे कन्नडमध्ये धाकटा भाऊ. मला ते आवडायचं, हे कबूल करतो.

आता थोडं धंद्याचं. व्हीपीएन म्हणजे घरच्या कॉम्प्युटरपासून ऑफिसच्या सर्व्हरपर्यंतचा खाजगी बोळ समजा. बोळाच्या तोंडाशी दरवाजा आहे. आत जायला पासवर्ड लागतो आणि वर एक सहा आकडी कोड लागतो. हा कोड दर अर्ध्या मिनिटाला बदलतो. बहुतेकांना तो मोबाईलच्या ॲपवर दिसतो. अक्कांचा मोबाईल बटणांचा, साधा. म्हणून कोडचं ॲप मी त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरवरच टाकून दिलं होतं. तीनदा कोड चुकला की दरवाजा अर्धा तास लॉक होतो.

अक्कांना घरून काम करायची खास परवानगी होती. जयनगरच्या घरात त्या आणि त्यांचे वडील, दोघंच. वडिलांना त्या अण्णा म्हणायच्या. अण्णा चौऱ्याऐंशीचे, खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालेलं. वॉकर घेऊन घरात फिरायचे, पण एकटं ठेवण्यासारखी स्थिती नव्हती. परवानगीला एक अट होती: सव्वानऊच्या आत लॉगिन. व्हीपीएनला जोडल्याची वेळ हीच हजेरी. सलग दोन महिने उशीर जास्त झाले, की परवानगी रद्द आणि रोज ऑफिसला हजर.

मी त्यांचं मशीन रिमोटवर घेतलं. म्हणजे माझ्या जागेवरून त्यांची स्क्रीन बघायची आणि माऊस आपण हलवायचा. नेट तपासलं, चांगलं होतं. राउटर बंद करून चालू करायला लावला. व्हीपीएन काढून परत टाकलं. पासवर्ड बदलला. तरी तेच. शेवटी त्या सहा आकडी कोडऐवजी दिवसभरापुरता चालणारा बायपास कोड दिला. अक्का आत गेल्या, मी तिकीट बंद केलं. तिकीट म्हणजे तक्रारीची नोंद. आमच्याकडे तक्रार सुटण्यापेक्षा तिकीट लवकर बंद होण्याला मान असतो.

पुढचे दोन दिवस सगळं आपोआप सुरळीत चाललं. तिसऱ्या दिवशी परत फोन.

“अक्का, एक विचारू? कोड दिसल्यावर तुम्ही टाइप करेपर्यंत तो बदलत तर नाही?”

“तम्मा, मी दिवसाला शंभर पानं टाइप करते. सहा आकडे जमणार नाहीत मला?”

मी हसलो. पण मनात माझं ठरून गेलं होतं. बाई पन्नाशी उलटलेली, फोन बटणांचा, म्हणजे हात संथच असणार. एकदा आपलं ठरलं की डोळे तेवढंच बघतात. त्या दिवशी रिमोटवर मी त्यांना शिकवणीच घेतल्यासारखं सांगत बसलो, आधी कोड बघा, मग पटकन टाका. त्यांनी पटकन टाकून दाखवला. तरी फेल झाला. दुसऱ्यांदाही. मी म्हटलं, अजून पटकन.

तेवढ्यात त्यांच्या स्क्रीनच्या कोपऱ्यात मला दहा वाजलेले दिसले. दहाला आमचा स्टँड-अप असतो, रोजची उभ्याउभ्या उरकायची मीटिंग. “अक्का, मला पळायला हवं, आज बायपास देतो,” असं म्हणून मी घाईघाईनं फोन ठेवला आणि धावत मीटिंगच्या खोलीत गेलो. खोलीत कुणीच नव्हतं. पाणी पिऊन, खुर्च्या सरळ करून झाल्या तरी कुणी येईना. शेवटी आमचा टीम लीड सुरेश आला आणि म्हणाला, “अरे वा, आज सबसे पहले?” मला बरं वाटलं. बाकीचे उशिरा आले, एवढाच अर्थ मी त्यातून काढला.

मीटिंगनंतर सुरेशनं विचारलं, “ये नलिनी मॅडम का क्या है? चार टिकट?”

“कोड टाकायला वेळ लागतो सर त्यांना.”

“तो यूजर एरर डालो, बंद करो. ऊपर भेजा तो रूट कॉज लिखना पड़ेगा.”

रूट कॉज म्हणजे बिघाडाचं मूळ. ते शोधायला एखादा दिवस जातो, आणि तेवढ्यात दहा तिकिटं साचतात. मी चारही तिकिटांवर लिहिलं: यूजर एरर. कोड टाकण्यास विलंब. मार्गदर्शन केले. लिहायला दोन मिनिटंही लागली नाहीत.

पुढच्या महिन्यात त्यांचे फोन कमी झाले. नंतर कळलं, अडचण संपली नव्हती. त्यांना आम्हाला त्रास द्यायचा कंटाळा आला होता. कोड चुकला की त्या अर्धा तास थांबायच्या आणि परत प्रयत्न करायच्या. कधी लागायचं, कधी दुपार व्हायची. हजेरीत उशिरावर उशीर.

मग एका दुपारी फोन आला. या वेळी डेस्कवर नाही, माझ्या मोबाईलवर.

“तम्मा, एचआरचं पत्र आलंय. सोमवारपासून ऑफिसला या म्हणतात. मी सांगितलं, मशीनचा दोष आहे. ते म्हणाले, सपोर्टनं तर तुमची चूक लिहिलीय. तुम्ही स्वल्प लिहून द्या की. एक ओळ. मशीनमध्ये काहीतरी आहे म्हणून.”

“अक्का, तसं लिहायला दोष सापडायला हवा ना.”

“मग शोधा की.”

“बघतो.”

मी बघितलं नाही. हे मी आज सरळ लिहितो आहे, कारण तेव्हा मी स्वतःशीही ते कबूल केलं नव्हतं. त्या आठवड्यात ऑफिसात नवे लॅपटॉप वाटायचे होते, मी त्यात बुडालो. शुक्रवारी त्यांना मेसेज केला की अजून काही सापडलं नाही. उत्तर आलं, “सरी.” ठीक आहे, एवढाच त्याचा अर्थ. जयनगरहून बेळ्ळंदूर सकाळच्या ट्रॅफिकमध्ये दीड तास, परत येताना दोन. तेवढा वेळ अण्णांना कुणाच्या भरवशावर ठेवणार? त्यांनी राजीनामा दिला.

कॉम्प्युटर त्यांचा स्वतःचा होता, त्यामुळे नोकरी सुटल्यावर त्यातून कंपनीचं सगळं काढून टाकायचं असतं. हेही रिमोटवर होतं. पण एक हेडसेटही परत घ्यायचा होता आणि मी जवळच राहतो, म्हणून शनिवारी मीच गेलो. खरं कारण म्हणजे मन खात होतं.

हॉलमध्ये कॉम्प्युटर, शेजारी खुर्चीत अण्णा. अक्का कॉफी करायला आत गेल्या. मी मनगटावरच्या घड्याळात बघितलं, चार वीस. भिंतीवर बघितलं, साडेचार. टीव्हीजवळच्या घड्याळातही साडेचार. माझंच घड्याळ बंद पडलं की काय म्हणून मी ते कानाला लावलं.

अण्णा हसले. “दहा मिनिटं वजा करा. या घरात वेळ पुढेच असते. मी घड्याळाच्या कारखान्यात होतो, तीस वर्षं. कारखान्याची बस चौकात यायची, कुणासाठी थांबायची नाही. माझी एकदाही चुकली नाही.”

“सगळी घड्याळं पुढे?”

“सगळी. नलूला सवय आहे, ती मनातच वजा करते.” मग त्यांनी वॉकरचा आधार घेत कॉम्प्युटरकडे बोट केलं. “हे एक हट्टी आहे. मी पुढे करतो, दोन-तीन दिवसांत आपणच मागे येतं. मग सकाळी नलू पूजेला बसली की मी परत लावतो. तिला कामाला उशीर व्हायला नको.”

मी स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात बघितलं. चार एकतीस.

तो सहा आकडी कोड घड्याळावरून तयार होतो. ऑफिसचा सर्व्हर त्याच्या वेळेवरून कोड काढतो, घरचं ॲप घरच्या वेळेवरून. दोन्ही जुळले तर दरवाजा उघडतो. अक्का रोज दहा मिनिटांनंतरचा कोड टाकत होत्या, अगदी अचूक आणि पटकन. कॉम्प्युटर मधूनमधून इंटरनेटवरून वेळ जुळवून घेतो. ते झालं की दोन दिवस सुरळीत जायचे, अण्णांच्या लक्षात येईपर्यंत. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण मी तर वळसाही घातला नव्हता. त्याच घड्याळात दहा वाजलेले बघून मी मीटिंगला धावलो होतो आणि रिकाम्या खोलीत दहा मिनिटं उभा राहिलो होतो.

मी कॉफी प्यायलो, कंपनीची सॉफ्टवेअरं काढली, हेडसेट पिशवीत टाकला. अण्णांसमोर तोंड उघडवेना. फाटकापर्यंत अक्का सोडायला आल्या, तिथे सगळं सांगितलं.

फाटकाची कडी धरूनच त्या म्हणाल्या, “तुम्ही इतक्या वेळा मशीन बघितलंत. तेव्हा वेळ दिसली नव्हती तुम्हाला?”

“दिसली होती, अक्का.”

त्यांनी मान हलवली. रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. “अण्णांना सांगू नका,” एवढंच म्हणाल्या. तम्मा म्हणाल्या नाहीत.

सोमवारी मी एचआरला आणि सुरेशला सविस्तर मेल लिहिला, चूक माझी आहे असं स्पष्ट लिहिलं. एचआरचं उत्तर सभ्य होतं: राजीनामा स्वेच्छेने दिलेला आहे आणि त्या जागी माणूस घेतलेला आहे. सुरेशचं उत्तर आलं नाही. ती चार तिकिटं उघडायला गेलो, तर महिना उलटलेली तिकिटं बदलता येत नाहीत. तिथे आजही ‘यूजर एरर’ लिहिलेलं आहे आणि खाली माझं नाव आहे.

आता व्हीपीएनची तक्रार आली की मी राउटर, पासवर्ड वगैरे नंतर बघतो. पहिल्यांदा विचारतो, तुमच्या स्क्रीनवर किती वाजलेत? आणि उत्तर आलं की आधी माझ्या मनगटाकडे बघतो.

अक्कांच्या कॉम्प्युटरचं घड्याळ त्या दिवशी मला नीट करता आलं असतं. अण्णा शेजारीच बसून बघत होते. मी ते दहा मिनिटं पुढेच ठेवून आलो.