एवढ्या पायऱ्या चढलो की आलंच

महाडकरांनो, मन घट्ट करून ऐका: आमच्या शेजाऱ्यांच्या तावडीतून आजवर एकही पाहुणा लेणी न पाहता सुटलेला नाही. पाहुणा कोणाचाही असो, एसटी थांबली की हे छत्री घेऊन दाराशी उभे. आधी चवदार तळे, मग गांधारपाल्याची लेणी. कोणी धापा टाकू लागला की म्हणायचे, "एवढ्या पायऱ्या चढलो की आलंच!" पायऱ्या काही संपत नसत.

माझ्या भाचीला बघायला पुण्याची मंडळी आली, तेव्हा मी स्टँडवर पोचायच्या आत यांनी ती पळवली. वर्षभर खटपट करून ताईने हे स्थळ आणलेलं. इकडे भाची साडी नेसून ताटकळली, पोहे पुन्हा पुन्हा गरम झाले, आणि ताई मला खाऊ की गिळू अशी बघत होती.

उन्हं कलल्यावर मंडळी आमच्या माडीच्या जिन्याखाली उगवली. मुलाच्या आईच्या चपला हातात, चेहरा लालबुंद. शेजारी मात्र ताजेतवाने. जिन्याकडे छत्री रोखून म्हणाले, "वहिनी, एवढ्या पायऱ्या चढलो की आलंच!"

बाईंनी पहिल्याच पायरीवर बसकण मारली आणि वर बघून ओरडल्या, "मुलगी पसंत आहे हो! तिलाच खाली पाठवा!"