कॅमेरा कुठे लावायचा ते आईंनी ठरवलं

माझे दीर मस्कतहून आले की त्यांच्या बॅगेतून साबण, बदाम आणि सेंट निघायचं. त्या वर्षी कॅमेरा निघाला. फोटो काढायचा नव्हे. घराबाहेर टांगायचा आणि वायरीने एका छोट्या काळ्यापांढऱ्या टीव्हीला जोडायचा. नव्वदचं दशक संपत आलं होतं, तरी कोपरखैरण्यातल्या आमच्या रो-हाउसच्या ओळीत असलं काही कुणी बघितलं नव्हतं. ओळीतल्या पाण्याच्या मोटारी चोरीला जात होत्या, म्हणून दिरांना काळजी. "वहिनी, आता टेन्शन खल्लास," म्हणाले आणि सुट्टी संपवून विमानात बसले. कॅमेरा लावायचा कुठे, ते सांगायचं राहिलंच.

आमचे हे म्हणाले, "गेटच्या खांबावर लावू." मी म्हटलं, "छान! म्हणजे चोर आधी कॅमेरा नेईल आणि मग निवांत मोटार." तेव्हा त्यांनी तो थेट गच्चीच्या कठड्यावर नेऊन ठोकला. वायर जेमतेम पहिल्या मजल्यावरच्या खोलीपर्यंत पुरत होती, म्हणून टीव्ही तिथे ठेवला. ती खोली माझ्या सासूबाईंची.

सासूबाईंची, म्हणजे आईंची, मला त्या दिवसांत फार काळजी लागली होती. पावसाळ्याच्या तोंडावर त्या जिन्यात पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन उत्तम झालं. डॉक्टर म्हणाले, "चाला, जिना उतरा, बसून राहिलात तर पाय कायमचे आखडतील." खोलीतल्या खोलीत वॉकर घेऊन त्या चालायच्या, पण जिन्याशी आल्या की चेहरा पांढराफटक. "नको गं, उद्या बघू." ज्या बाईच्या धाकाने अख्खी ओळ कचरा वेळेवर टाकायची, ती जिन्याला घाबरत होती. मला ते बघवायचं नाही. राग यायचा, आणि रडूही.

तर टीव्ही चालू झाला आणि तासाभरात वरून हाक आली. "अगं, ही काय नुसती टकली दाखवतोय? तोंडं कुठायत?" खरंच होतं. इतक्या उंचावरून दूधवाला आणि पोस्टमन यांत फरक कळत नव्हता, मग चोर काय ओळखणार, कप्पाळ! ह्यांनी कॅमेरा काढून गेटसमोर पश्चिमेला तोंड करून लावला. संध्याकाळी ऊन थेट काचेत शिरलं आणि टीव्हीवर सगळं पांढरं. पुन्हा शिडी आली. शिडी शेजाऱ्यांची, ते बिचारे आता ती आमच्याच दारात ठेवायला लागले होते. शेवटी आई वरच्या खिडकीशी उभ्या राहून हुकूम सोडायला लागल्या. "दाराच्या बाजूला, छज्ज्याच्या खाली. पाऊस नको लागायला. अजून खाली. अरे, एवढं नको, हात पोचेल कुणाचा! आता गेटकडे जरा तिरका... हां! आता नाकडोळे दिसतायत." कॅमेरा कायमचा तिथेच राहिला.

चोर काही आला नाही. पण आईंना नवीन नोकरी लागली. कोण कुणाच्या गेटशी किती वेळ बोललं, सगळं त्यांना ठाऊक. सगळ्यात जास्त ताप मला, कारण गावातली कोळीण पाटी घेऊन आमच्याच गेटवर बसायची. मासे घेण्यात मी ढ, हे घरात जगजाहीर. मग मी भर रस्त्यात पापलेट शेपटीला धरून कॅमेऱ्यासमोर उभी, आणि वरून आवाज, "डोळे दाखव! तुझे नव्हे, त्याचे! आता कल्ले उघड!" कोळीण हसून हसून पाटीवर आडवी. "वयनी, हा मासा सिनेमात जानार हाय काय?"

मग दसरा आला. आमच्याकडे दसऱ्याला घरातल्या झाडून सगळ्या यंत्रांची पूजा होते, शिलाईमशीन, मिक्सर, स्कूटर. आई म्हणाल्या, "कॅमेऱ्याला का वगळता? बिचारा दिवसरात्र राबतो." ह्यांनी भक्तिभावाने शिडीवर चढून झेंडूचा हार घातला आणि हळदकुंकवाचं ठसठशीत बोट उमटवलं. कुठे? बरोब्बर काचेवर! टीव्हीवर एक मोठा काळा डाग. शेजारी शिडी घरात कुलपात ठेवून गावाला गेलेले. मी शहाणपणा करून काठीला ओलं फडकं बांधलं आणि वर करून पुसलं, तर कुंकू सगळीकडे पसरलं आणि उरलासुरला कोपराही गेला. आई दोन दिवस सगळ्यांवर खेकसत होत्या.

एकादशी झाली. नवरात्रभर मासे बंद होते, त्यामुळे दुसऱ्या दिवशी कोळीण आली तेव्हा माझ्याही तोंडाला पाणी सुटलेलं. "ताजा हाय, वयनी, सकालचा हाय." मी पापलेट उचलला आणि सवयीने कॅमेऱ्याकडे धरला.

"काही दिसत नाही गं! घेऊ नकोस! थांब!" आई वरून ओरडल्या.

"आई, चांगला वाटतोय!"

"तुला काय कळतंय वाटायला! वास घे. कल्ल्यांचा रंग काय?"

"लाल... म्हणजे, तसा तपकिरी..."

आई खिडकीतून दिसेनाशा झाल्या. मला वाटलं, रागावल्या. मी कोळणीशी घासाघीस करत बसले. ती एकाएकी माझ्या खांद्यावरून मागे बघायला लागली.

दारात आई उभ्या होत्या. वॉकर वरच राहिला होता. एका हाताने दाराची चौकट धरलेली, पदर कमरेला खोचलेला, घामाघूम. तशाच भिंतीला धरून गेटपर्यंत आल्या, वाकल्या आणि अंगठ्याने कल्ला उघडला. "शिळा आहे हा! हिला रोज अशीच फसवतेस ना गं? खालचा काढ, पाटीच्या तळातला."

कोळणीने मुकाट्याने खालचा काढला. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं आणि मी हसत होते.

"रडतेस काय? मासा मिळाला ना चांगला?" आई म्हणाल्या. मग त्यांनी मागे वळून दाराकडे बघितलं आणि एकदम माझा दंड घट्ट धरला. "अगं, उतरले खरी. आता वर कशी जाऊ?"

"आधी तळू या," मी म्हटलं. "मग बघू."