दातारसाहेबांच्या क्लचचे चार स्क्रू

नऊपैकी पाच स्क्रू निघाले होते. उरलेल्या चारांच्या डोक्यावरची फुली झिजून वाटीसारखी गुळगुळीत झाली होती. रविवारी सकाळी दातारसाहेब कंपनीच्या कॉलनीतल्या आपल्या घरासमोर बनियनवर, हातात स्क्रू ड्रायव्हर घेऊन मोटरसायकलपाशी उकिडवे बसले होते. मला बघून त्यांनी माझ्या पाठीमागे पाहिलं.

"राणे कुठंय?"

"राणेंनी मलाच पाठवलंय, साहेब."

मुलुंडच्या आमच्या कारखान्यात दातारसाहेब वर्क्स मॅनेजर आणि राणे फोरमन. मी आयटीआय करून लागलेली फिटर, तीही टेम्पररी. माझ्याकडे मोडलेले टॅप काढायचं काम होतं. टॅप म्हणजे भोकात आटे पाडायचं हत्यार. तो आत मोडला की जॉबला, म्हणजे घडवायच्या भागाला, धक्का न लावता तुकडा काढावा लागतो, नाहीतर अख्खा जॉब भंगारात. कंटाळवाणं काम. कोणाला नको होतं, म्हणून मला मिळालं. मला जायचं होतं टूलरूममध्ये, जिथे डाय म्हणजे साचे आणि हत्यारं बनतात. तिथला माणूस पर्मनंट होतो. माझे दोन अर्ज राणेंनी परत पाठवले होते. वडिलांची गिरणी बंद होऊन काही वर्षं झाली होती आणि घरात कमावणारी मी एकटी होते.

शनिवारी साहेबांनी राणेंना केबिनमध्ये बोलावून विचारलं होतं, अडकलेलं काढायला हात कोणाचा चांगला, आणि तोंड कोणाचं बंद असतं. याला कारण होतं. चुकीचं हत्यार लावू नका, हे साहेब आम्हाला रोज ऐकवायचे. गाडी ढकलत गॅरेजला नेली असती तर वाटेत निम्म्या कारखान्याने बघितली असती. राणेंनी नाव न घेता माणूस पाठवतो म्हणून सांगितलं. मला म्हणाले, "तुझो हात बरो आसा. जा." शॉपमधला इम्पॅक्ट ड्रायव्हरही गेटपासवर दिला.

गाडी सेकंड हँड होती. क्लच घसरत होता, म्हणजे इंजिन ओरडायचं पण गाडी पळायची नाही. आतल्या प्लेट बदलायला उजव्या बाजूचं कव्हर काढावं लागतं. साहेबांनी पुस्तक वाचून ऑइल काढलं होतं, किक काढली होती. तिथपर्यंत सगळं बरोबर. मग स्क्रू आले. स्क्रू लोखंडाचे, केसिंग म्हणजे इंजिनाचं कवच ॲल्युमिनियमचं. वर्षानुवर्षं गरम-थंड होऊन आणि पाणी लागून हे दोन धातू एकमेकांना धरून बसतात. त्यात साहेबांचा ड्रायव्हर एक नंबर लहान होता.

मी चारही स्क्रूंच्या कडेने रॉकेल सोडलं आणि अर्धा तास काही करायचं नाही म्हणून सांगितलं. साहेबांना ते जड गेलं. त्या अर्ध्या तासात त्यांनी मला विचारलं, किती वर्षं झाली इथे. मी सांगितलं, आणि अर्जांचंही सांगितलं. ते बघू म्हणाले. साहेब लोकांचं बघू म्हणजे काय ते मला माहीत होतं, म्हणून मी स्क्रूकडे वळले.

सपाट तोंडाची लोखंडी कांडी, म्हणजे पंच, लावून प्रत्येक डोक्यावर हातोडीचे चार ठोके दिले. त्याने आतली पकड हादरते आणि फुलीच्या दबलेल्या कडाही थोड्या जवळ येतात. मग इम्पॅक्ट ड्रायव्हर. हा वरून हातोडी मारली की दाबतोही आणि फिरतोही, त्यामुळे फुलीतून सटकत नाही. तिसऱ्या फटक्याला पहिला स्क्रू सुटला. दुसऱ्या स्क्रूला फुलीच उरली नव्हती. त्याच्या कडेला छिन्नीने खाच पाडली, छिन्नी तिरकी धरली आणि उलट्या दिशेने ठोकत गेले. तोही निघाला.

तिसरा हलेना. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. साहेबांचा धीर सुटला. त्यांनी मोठा ड्रायव्हर उचलला आणि कव्हर उचकटायला जोडाच्या फटीत घातला.

"साहेब, तो तिथून काढा."

मी कारखान्यात त्यांच्याशी असं कधी बोलले नव्हते. त्यांच्या मिसेस चहाचे कप घेऊन दारात आल्या होत्या, त्या तिथेच थांबल्या. मी आवाज खाली आणून सांगितलं की त्या जोडावर एक ओरखडा पडला तर गॅस्केट, म्हणजे मधला कागदी थर, नवीन लावूनही ऑइल गळत राहील, आणि मग कव्हरच काय, केसिंगही बदलावं लागेल. साहेबांनी ड्रायव्हर काढला. पायरीवर जाऊन बसले. माझ्या मनात आलं, टूलरूम गेली.

ॲल्युमिनियम लोखंडापेक्षा जास्त फुगतं. गरम केलं तर पकड सैल होते. पण वर पेट्रोलची टाकी, तिथे ब्लो लॅम्पची ज्योत कशी लावणार? मिसेस दातारांकडून उकळतं पाणी मागून घेतलं. त्यात जुनं फडकं बुडवून कव्हरवर दाबून धरलं, गार झालं की पुन्हा. सहा-सात वेळा. माझी बोटं लाल झाली. मग इम्पॅक्टचा एक फटका, आणि कडकन आवाज करून तिसरा सुटला.

चौथ्याला मी घाई केली. तीन निघाल्यावर हात मोकळा झाला होता. छिन्नी जोरात बसली आणि डोक्याची एक बाजू तुटून पडली. आता ना खाच, ना कड. चूक माझी होती, तसं मी साहेबांना सांगितलं. ते जवळ आले. "आता काय करायचं?" एवढंच विचारलं.

आता डोकं उडवायचं. बरोबर मध्यावर टोकदार पंचाने खूण केली आणि हँड ड्रिल चालवलं. ड्रिल जरा सरकलं असतं तर कव्हरला खड्डा पडला असता. साहेब गाडी धरून बसले. मी ड्रिलची चकती फिरवत होते, थांबत होते, बघत होते. दुपारची जेवणं राहिली. शेवटी डोकं कड्यासारखं सुटून ड्रिलवर आलं. लाकडी हातोडीने चहूबाजूंनी ठोकल्यावर कव्हर उचललं गेलं. उरलेला बिनडोक्याचा स्क्रू केसिंगमधून बोटभर वर उभा होता. ग्रिप प्लायरने धरला आणि तो जवळजवळ आपोआप फिरला. ताण सगळा डोक्याखाली असतो. डोकं गेलं की उरलेल्याला धरून बसायला फारसं काही नसतं.

प्लेट साहेबांनी स्वतः बसवल्या, तेवढं त्यांना येत होतं. संध्याकाळी गाडीवरून कॉलनीला दोन चकरा मारल्या. मी तोंड बंद ठेवलं.

पंधरा दिवसांनी टूलरूमची जागा निघाली. मी तिसरा अर्ज केला. साहेबांच्या केबिनमध्ये मला बोलावलं, राणे आधीच तिथे होते. ते साहेबांना म्हणाले की पोरीचा हात चांगला आहे, पण टूलरूमचं काम बाईला झेपायचं नाही, आणि आमची माणसं हसतील. मी मान खाली घालून उभी होते. साहेबांनी टूलरूमच्या सुपरवायझरलाही आत बोलावलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "माझ्या घरी मी चार स्क्रूंची वाट लावली होती. चुकीचं हत्यार लावून. ते हिने काढले, आणि एक तिच्या हातून बिघडला तेव्हा तसं तोंडावर सांगितलं. मला टूलरूममध्ये असा माणूस हवाय."

दुपारच्या सुट्टीपर्यंत सगळ्या शॉपला कळलं. लोक हसले, पण साहेबांना. ते पुढे कित्येक महिने ऐकून घेत होते. राणे माझ्याशी आठवडाभर बोलले नाहीत. मग एक दिवस आत टॅप मोडलेला एक जॉब घेऊन आले आणि माझ्या बेंचवर ठेवून गेले.

टूलरूममध्ये मी एकोणतीस वर्षं काढली. शिकायला आलेल्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगायचे. स्क्रू ड्रायव्हर पहिल्यांदा सटकला की हात थांबवा आणि एक नंबर मोठा आणा. बहुतेक जण दुसऱ्यांदा सटकल्यावरच ऐकतात.